नव्या गाडीचं ऑइल आजच तपासा

दसरा-दिवाळीला ज्यांच्या दारात नवी गाडी आली, त्या सगळ्यांना कळकळीची विनंती: आज गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन ऑइलची पातळी बघा. गाडी नवी आहे, पहिलं सर्व्हिसिंगही झालंय, मग ऑइलकडे कशाला बघायचं, हा समज फार महागात पडतो.

नवं इंजिन ऑइल खातं. सिलिंडरच्या आत कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात, त्यांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा घासून तिथे नीट बसेपर्यंत थोडं ऑइल वर जाऊन जळतं. तो दोष नव्हे. काही कार कंपन्या दर १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल जळणं चालण्यासारखं मानतात, आणि मॅन्युअलमध्ये तसं छापतातही. पण हिशेब करा. समजा, इंजिनात साडेतीन लिटर ऑइल बसतं आणि ते बदलायचं १०,००० किलोमीटरला. या वेगाने जळालं तर ७००० ला चेंबर कोरडं! डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच कारमध्ये जेमतेम लिटरभराचा फरक असतो. म्हणजे पातळी खालच्या खुणेवर यायला २००० किलोमीटर पुरे.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, पातळी उतरल्यावर नाही. तो चालत्या गाडीत लागला तर इंजिन तिथेच बंद करा, ‘गॅरेज पुढेच आहे’ म्हणून रेटू नका. जाम झालेलं इंजिन उघडलं की पिस्टनवर उभे खोल ओरखडे दिसतात, क्रँकची बेअरिंगं तापून काळीनिळी पडलेली असतात. अनेक दुचाकींना तर हा दिवाही नसतो.

तपासायला पाच-दहा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. दुचाकी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर कललेली नको. डिपस्टिक झाकणालाच असेल तर बऱ्याच गाड्यांत आटे न फिरवता ती नुसती टेकवायची असते. मॅन्युअल बघून घ्या. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला, वरच्या खुणेपलीकडे भरू नका. कारचं ऑइल बाइकमध्ये तर नकोच, क्लच घसरू लागतो. घाट चढून देवदर्शनाला निघायच्या आधी तर हे करायलाच हवं.

ऑइल वारंवार उतरत असेल, मागून निळा धूर येत असेल, तर तारीख, किलोमीटर आणि किती ऑइल घातलं ते लिहून ठेवा, बिलं जपा. सर्व्हिस सेंटरला तक्रार जॉब कार्डवर लिहायला लावा. ‘नव्या गाडीत असं होतंच’ असं तोंडी उत्तर मिळालं तर किती खप चालतो ते लेखी मागा आणि ऑइल मोजून, सील करून चाचणी घ्यायला सांगा. वॉरंटी चालू असतानाच हे करा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.