सफाई नव्हे, सारवासारव

तेलाने माखलेल्या पक्ष्याला साबणाने अंघोळ घालतानाचा व्हिडिओ मीही फॉरवर्ड केलाय. डोळे पाणावले होते. आता तोच व्हिडिओ पाहिला की चीड येते. धुणाऱ्या हातांची नाही, त्या हातांआड लपणाऱ्यांची.

समुद्रात सांडलेलं तेल 'साफ' होत नाही. भर समुद्रात बहुतेक वेळा त्यातलं दहा-पंधरा टक्केही परत गोळा होत नाही. 1967 साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅनियन' हा टँकर फुटला, तेव्हा तेलावर हजारो टन डिटर्जंट ओतलं. किनाऱ्यावरच्या जिवांना ते तेलाहून घातक ठरलं. 1989 मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डिझ' खडकावर आदळला, सुमारे 37 हजार टन तेल सांडलं. मग गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी किनारे धुतले. खडक कॅमेऱ्यापुरते चकचकीत झाले. तेलातून वाचलेले शिंपल्यांसारखे जीव मात्र त्या पाण्याने मेले. दगडगोट्यांखालचं तेल दोन दशकांनंतरही सापडत होतं.

कोर्टातही धुलाई झालीच. 1994 साली ज्युरीने ठोठावलेला 500 कोटी डॉलरचा दंड 2008 मध्ये सुमारे 51 कोटींवर आला.

त्या टँकरला एकच कवच होतं. दुहेरी कवचाची सक्ती करणारा कायदा अमेरिकेने आणला 1990 मध्ये, किनारा काळा झाल्यावर.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर जरूर हळहळा. पण विचाराही: जहाज किती जुनं? मालक कोण? विमा केवढ्याचा? हे प्रश्न तेल सांडण्याआधीचे आहेत. नंतर उरते ती सारवासारव.