ग्रिनिचचा घुमट आणि सरकारची देखरेख

राष्ट्रीय प्रदर्शनांचे काम सरकारने अंगावर घ्यावे की न घ्यावे, हा वाद निघाला की लंडनमधील ग्रिनिच येथील ‘मिलेनियम डोम’चे उदाहरण हटकून पुढे केले जाते. एक पक्ष म्हणतो, सरकारने दुकानदारी आरंभली आणि दिवाळे वाजवले. दुसरा म्हणतो, कल्पना थोर होती, पण ती राबवणारी माणसे नालायक निघाली. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच भ्रांत वाटतात. त्या घुमटावर देखरेख नव्हती असे मुळीच नाही. देखरेख करणारांची तेथे दाटी होती. परंतु त्यांतला जो तो त्या उद्योगाचा भागीदारही होता, आणि आमचा आक्षेप आहे तो एवढ्याच गोष्टीला.

इसवी सन २००० च्या स्वागतासाठी वर्षभर चालणारे प्रदर्शन भरवावे, ही योजना मूळ कॉन्झर्वेटिव्ह सरकारच्या काळातील. ग्रिनिचची जागा १९९६ साली ठरली. १९९७ च्या मे महिन्यात लेबर पक्ष अधिकारारूढ झाला आणि मंत्रिमंडळातील अनेकांची नापसंती असताही पंतप्रधान ब्लेअर यांनी जूनमध्ये ती योजना पुढे चालवण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून ३९ कोटी ९० लाख पौंड द्यावयाचे ठरले होते. २००० च्या सप्टेंबरपर्यंत हा आकडा ६२ कोटी ८० लाखांवर गेला. तिकीट काढून १ कोटी २० लाख लोक येतील असा अंदाज होता. फुकट आलेले धरूनही आले ते सुमारे ६५ लाख. आता ६५ लाख ही काही लहान संख्या नव्हे. त्या वर्षी पैसे मोजून पाहावयाच्या ब्रिटनमधील दुसऱ्या कोणत्याही स्थळी इतके लोक गेले नाहीत. तेव्हा लोकांनी पाठ फिरवली हे म्हणणे खरे नाही; अंदाजच फाजील होता. प्रौढ माणसास वीस पौंड तिकीट, गाडी लावण्यास जागा नाही, आणि आत काय पाहावयास मिळणार हे उद्घाटनाच्या आदल्या वर्षापर्यंत धड कोणास सांगता येत नव्हते. मांडव घातला, वाजंत्री सांगितली, आणि नवरदेव कोण ते मागाहून ठरवू म्हटले! शंभर शंभर मीटर उंचीच्या बारा खांबांवर तोललेला रिचर्ड रॉजर्स यांचा तो मांडव मात्र वेळेवर उभा राहिला व देखणाही होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

हा अंदाज फाजील आहे असे वेळीच कोणी का म्हटले नाही? याचे उत्तर अधिकाराच्या मांडणीत आहे. पैसा देणारा मिलेनियम आयोग. त्याचे अध्यक्ष संस्कृतिखात्याचे मंत्री. पैसा खर्च करणारी एक कंपनी. तिचा एकमेव भागधारकही सरकारचाच मंत्री, प्रथम पीटर मँडेलसन व १९९९ पासून लॉर्ड फाल्कनर. कंपनीच्या मुख्याधिकारी त्या, ज्या आदल्याच काळात अनुदान देणाऱ्या आयोगाच्या मुख्याधिकारी होत्या. अर्ज करणारा, अर्ज तपासणारा आणि अर्ज मंजूर करणारा ही एकाच पंक्तीला बसलेली मंडळी. त्यांत योजनेचे आद्य पुरस्कर्ते कॉन्झर्वेटिव्ह नेते हेसल्टाइन हेही आयोगाचे सभासद. म्हणजे विरोधी पक्षाचे तोंडही अर्धे बांधलेले. कुंपणाने शेत खाल्ले असे आम्ही म्हणत नाही, आमचा आरोप तो नव्हे; येथे शेताचा मालकच कुंपण होऊन उभा राहिला होता. पार्लमेंटच्या एका समितीने १९९७ सालीच आतील सामग्रीविषयी शंका काढल्या, पण तिच्या हाती थैलीची दोरी नव्हती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला तो २००० च्या नोव्हेंबरात. वरातीमागून घोडे!

‘सरकार आले की असेच व्हायचे’ म्हणणारांनी १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाकडे पाहावे. तेथे काय सरकार नव्हते? प्रिन्स अल्बर्ट यांच्या अध्यक्षतेखालील राजनियुक्त आयोगात खुद्द पंतप्रधान रसेल होते, ग्लॅडस्टन होते, कॉब्डेन होते. परंतु पार्लमेंटने त्यास पैसा दिला नव्हता. लोकवर्गणी, आणि तूट आल्यास भरून देण्याची धनिकांनी आपापल्या नावापुढे रकमा लिहून दिलेली हमी, यांवर ते काम उभे राहिले. स्वतःचे घर गहाण पडण्याचा संभव असला म्हणजे मनुष्य फार बारीक प्रश्न विचारतो! आयोगाच्या बांधकाम-समितीने स्वतःच विटांच्या अजस्र इमारतीचा आराखडा काढला, तो लोकांच्या टीकेस पात्र झाला, आणि समितीचा आराखडा बाजूस ठेवून पॅक्स्टन यांचा काचमहाल पत्करण्यात आला. आपलाच निर्णय फिरवण्यात त्या बड्यांस कमीपणा वाटला नाही. पुढे एक शिलिंगाच्या दिवशी कारागीर व मजूर लोटले, सुमारे ६० लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले, आणि १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक उरली. त्या शिलकीतून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. आयोग आजही विद्यार्थ्यांस वेतने देतो. (आमच्या मुंबईकर वाचकांस हे प्रकरण अगदीच परके वाटू नये: भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची कल्पना प्रथम निघाली ती याच प्रदर्शनाच्या येथील तयारीत.)

कोणी म्हणेल, तो काळ वेगळा. बरे, १९५१ चा ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ घ्या. तो सर्वस्वी सरकारी पैशाचा आणि त्याचे कर्ते मॉरिसन हे लेबर मंत्री. पण मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी दिले जनरल इस्मे यांस, जे महायुद्धात चर्चिल यांचा उजवा हात होते. मँडेलसन हे या मॉरिसन यांचे नातू. आजोबांचा उत्सव नातवाने उचलला, आजोबांची सावधगिरी मात्र घरीच राहिली.

घुमटाच्या सगळ्या कहाणीत आम्हांस आदर वाटतो तो एका माणसाविषयी. २००० साली कंपनी पुन्हा पुन्हा हात पसरू लागली, तेव्हा आयोगाच्या हिशेबाधिकाऱ्याने आपल्या सभासदांस कळवले की, हा खर्च पैशाच्या मोलाचा आहे असे मी म्हणू शकत नाही. द्यावयाचाच असेल तर तसा आदेश द्या. सभासदांनी आदेश दिला. त्या अधिकाऱ्याचे नाव किती जणांस ठाऊक आहे? आणि तो म्हणाला ते १९९७ साली, पहिल्याच रकमेच्या वेळी, त्याच्या जागी बसलेल्या माणसाने म्हणावे अशी सोय कोठे होती?

शेवटचा युक्तिवाद असा येतो की, २००७ पासून तोच घुमट ‘ओ टू’ या नावाने गायनवादनाच्या जलशांनी गजबजलेला आहे, तेव्हा रडावयाचे कशाला? जलसे चालतात ते खासगी चालकांच्या भांडवलावर आणि हुशारीवर. त्यांनी आत सारे नव्याने बांधून घेतले. लॉटरीचा पैसा जलशांच्या जागेसाठी म्हणून मागितला नव्हता. तो प्रदर्शनासाठी मागितला, आणि तो ज्यांच्या खिशातून आला त्यांत आठवड्याच्या मजुरीतून एक पौंड काढून नशीब अजमावणारी माणसे थोडी नव्हती. वीस पौंडांचे तिकीट काढून त्यांतील कितीजण आत गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात आम्हांस आढळला नाही.