वळणावर तेल सरकतं, भुर्दंड मालकाला

बेळगाव : सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टअखेर चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची फॉर्म्युला-४ शर्यत रंगली. स्वतःची गाडी ट्रॅकवर नेऊन पळवायची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. आपल्या भागातली हौशी मंडळीही कोल्हापूरच्या गो-कार्टवर हात बसला की कोईमतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईचं स्वप्न बघतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इंजिनला असतं.

ट्रॅकवर इंजिन बसलं की पहिला ठपका तेलावर येतो. डबा नकली असेल, ग्रेड चुकली असेल. मग ड्रायव्हरने गियर चुकीचा टाकला असेल. पुष्कळदा यातलं काहीच खरं नसतं. चेंबरमध्ये तेल होतं आणि ते चांगलंही होतं, फक्त जिथे हवं तिथे नव्हतं. यालाच ऑइल सर्ज म्हणतात.

साध्या गाडीत तेल इंजिनच्या तळाशी, चेंबरमध्ये साठतं. तिथून जाळी बसवलेल्या नळीने पंप ते ओढून क्रँक आणि बेअरिंगपर्यंत पोचवतो. गाडी जोरात वळली की तेल बाहेरच्या बाजूला धावतं. वळणाचा जोर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. रेसिंगच्या चिकट टायरवर जोर १.२ जीवर गेला तर हा कल ५० अंशांवर जातो. त्यात इंजिन जोरात फिरत असताना बरंच तेल वर हेडमध्ये असतं, ते खाली यायला वेळ लागतो. मग जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो.

हे फार तर दोन सेकंद चालत असेल. पण ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे घेतो. म्हणजे दोन सेकंदांत २०० फेरे, तेही बेअरिंगवर पुरतं तेल नसताना. एखाद्या वेळी इंजिन हे सहन करतं. मात्र प्रत्येक लॅपला त्याच वळणावर तेच घडत राहिलं तर बेअरिंग झिजतं, आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. सांडलेल्या तेलावरून मागच्या गाड्या घसरतात ते वेगळंच. त्यामुळे प्रश्न एकट्या मालकाच्या खिशाचा राहत नाही.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा इथे फारसा कामाचा नाही. तो सहसा दाब अर्ध्या बारच्या आसपास घसरला की पेटतो. जुन्या मिस्त्रींच्या हिशेबाने दर हजार आरपीएमला १० पीएसआय दाब हवा, म्हणजे ६००० ला साधारण चार बार. चार बारची गरज असताना दिवा अर्ध्या बारला पेटणार, म्हणजे वरात पुढे गेल्यावर घोडं आलं. म्हणून खरा पहिला खर्च दाबाच्या मीटरवर आणि नोंद ठेवणाऱ्या लॉगरवर व्हायला हवा. लांब वळणावर दाबाची रेघ खाली गेलेली दिसली की निदान झालं.

आपल्याकडे उलटं होतं. आधी चिकट टायर येतात, मग सायलेन्सर, आणि चेंबरचा विचार सगळ्यात शेवटी. आधी कळस मग पाया. टायर जितके चांगले, तितका वळणावरचा जोर जास्त आणि तितकं तेल लांब पळणार.

उपाय नवे नाहीत. सगळ्यात स्वस्त म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरणं. काही जण वर अर्धा लिटर टाकतात, पण अति झालं तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेस ओढणं म्हणजे पुन्हा हवाच ओढणं. त्यापुढचा उपाय म्हणजे चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं बसवणं. तेल जाळीकडे येऊ शकतं, परत जाऊ शकत नाही. अॅक्युसंप हा दाबाखाली तेल साठवणारा नळकांडा असतो, दाब घसरला की तो काही क्षण तेल पुरवतो. लोटसने एक्झिजच्या ट्रॅकसाठीच्या कप गाड्यांमध्ये तो दिला होता. सर्वांत खात्रीचा आणि महाग उपाय ड्राय संप. त्यात तेल वेगळ्या टाकीत राहतं. पोर्शेच्या ९११ ला तो १९६४ पासून होता. नव्वदच्या दशकाअखेरच्या नव्या इंजिनमध्ये नेहमीच्या ९११ ची वेगळी टाकी गेली, पण जीटी३ मध्ये कंपनीने ती राखली. यात सगळं आलं.

आता पैशाची बाजू. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत, पेस-मेकिंग आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. ‘आम्ही शर्यतीत नव्हतो, नुसता ट्रॅक डे होता’ हा युक्तिवाद कुणी केला, तरी यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसतच नाही. कंपनीच्या वॉरंटीतही स्पर्धेचा वापर सहसा वगळलेला असतो, आणि चेंबर बदललं असेल तर वाद आणखी वाढतो. म्हणजे इंजिनचे काही लाख पूर्णपणे मालकाचे. या रकमेसमोर पट्ट्या-दारांच्या चेंबरचा खर्च किरकोळ आहे.

आणि हे काम परदेशातून मागवलंच पाहिजे असं नाही. उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत याहून बारीक मापाची कामं रोज होतात. पत्रा कापणं, अॅल्युमिनियमचं वेल्डिंग, बिजागरी बसवणं यात त्यांना अवघड काही नाही. अडचण आहे ती एका-दोन नगांच्या ऑर्डरची. एवढ्यासाठी मशीन अडवून ठेवणं कारखानदाराला परवडत नाही. एकाच मॉडेलच्या दहा-बारा मालकांनी मिळून ऑर्डर दिली तर हिशेब जमू शकतो.