१५ दिवसांत कुत्रा सरळ? त्या १५ दिवसांत काय केलं ते आधी सांगा

मंडळी, पोस्ट लांब आहे. कुत्रा पाळणाऱ्यांनी वाचाच, आणि ज्यांना कुत्रा डोळ्यांसमोर नको त्यांनी तर जरूर वाचा. कारण चुकीचं शिकवलेला कुत्रा आधी चावतो तो लिफ्टमधल्या शेजाऱ्याला.

"१५ दिवसांत तुमचा कुत्रा सरळ, गॅरंटी." ही जाहिरात आमच्याकडच्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरतेय. कुत्रा गाडीत घालून न्यायचा, गावाबाहेरच्या कुठल्यातरी शेडमध्ये 'कॅम्प'ला ठेवायचा आणि पंधरवड्याने घरपोच आणून द्यायचा. 'सिट' म्हटलं की बसतो, 'स्टे' म्हटलं की हलत नाही. मालक खूश, व्हिडिओ स्टेटसला. मधल्या काळात तिथे काय चालतं हे मालकाला दाखवत नाहीत. "तुम्ही आलात की त्याचं लक्ष विचलित होतं, साहेब." वा! आपलं मूल शाळेत घातलं आणि शाळेने सांगितलं की वर्षभर गेटच्या आत यायचं नाही, तर आपण गप्प बसलो असतो का?

आमच्या बिल्डिंगमधला एक दोन वर्षांचा लॅब असाच जाऊन आला. आधी लिफ्टचा आवाज आला की भुंकायचा, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायचा. परत आला तो भुंकायचाच बंद. सगळे म्हणाले, केवढा शहाणा झाला! मला दिसलं ते वेगळं होतं. शेपूट पोटाखाली, कान मागे, कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी हा जमिनीला चिकटणार. मानेभोवती गोल रेघेत केस गेलेले. याला शहाणपण म्हणत असाल तर तुमचं तुम्हाला लखलाभ.

या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे, तोही कुत्र्यांवरच. १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहीही केलं तरी झटका थांबणार नाही अशी सोय होती. नंतर त्याच कुत्र्यांना एका बुटक्या भिंतीच्या खोक्यात ठेवलं. उडी मारली की सुटका. बहुतेकांनी उडी मारलीच नाही. तिथेच कण्हत पडून राहिले. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, एवढंच ते शिकले होते. प्रयोग क्रूर होता, त्यावर वाद नाही. पण निदान त्यांनी त्याला 'ट्रेनिंग' म्हणून विकलं नाही.

यातल्या काहींचं आवडतं पालुपद म्हणजे 'अल्फा'. कुत्रा म्हणजे लांडगा, कळपाला म्होरक्या लागतो, तुम्ही म्होरके व्हा, त्याला उताणा पाडून दाबून धरा. ही कल्पना आली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले होते, ते भांडणार नाहीत तर काय! डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. पुढे याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब. नंतर तर ते स्वतःच्याच पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. शास्त्रज्ञाने शब्द मागे घेतला, आमच्याकडचा ट्रेनर मात्र तोच शब्द व्हिजिटिंग कार्डावर छापतोय.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना एकच पॅकेज, ही मुळातली फसवणूक आहे. समजा तीन घरांतले तीन कुत्रे भुंकतात. एक दिवसाचे दहा तास फ्लॅटमध्ये एकटा असतो, तो कंटाळून भुंकतो. दुसरा पिल्लू असताना तीन-चार महिने घराबाहेरच पडला नाही, त्याला हेल्मेटवाला माणूस राक्षस वाटतो, तो भीतीने भुंकतो. तिसऱ्याचा कान आतून सुजलाय, कुणी जवळ आलं की दुखेल म्हणून तो भुंकतो. आवाज एकच, कारणं तीन. पहिल्याला व्यायाम आणि डोक्याला काम हवं. दुसऱ्याला ज्याची भीती वाटते ते लांबून दाखवत, खाऊ देत, हळूहळू अंतर कमी करत न्यावं लागतं; याला आठवडे लागतात, कधी महिने. तिसऱ्याला ट्रेनर नको, जनावरांचा डॉक्टर हवा. आणि पॅकेजवाला तिघांच्याही गळ्यात तीच चोक चेन घालून तोच झटका देणार.

गुरगुरण्याचंही तसंच. गुरगुरणं ही कुत्र्याची पाटी आहे: पुढे येऊ नका. गुरगुरला म्हणून हाणलात तर भीती जात नाही, पाटी जाते. मग एक दिवस शेजारचं पोर खेळायला जवळ जातं, कुत्रा थेट चावतो आणि आपण म्हणतो, "अहो, काहीच सूचना न देता चावला!" सूचना देणं तुम्हीच पैसे मोजून बंद केलंत ना?

कुणी म्हणेल, पोलिसांचे कुत्रे काय लाडाने शिकतात? तिथे काय होतं ते बघा. श्वानपथकात कुत्रा आणि त्याचा हँडलर एकत्र शिकतात, महिनोन्‌महिने, आणि पुढे कामही एकत्र करतात. बॉम्ब हुंगून काढणाऱ्या कुत्र्याला बक्षीस काय, तर बऱ्याचदा त्याचा आवडता चेंडू. कॅम्पात शिकणारा हँडलर कुठाय? तो तर ऑफिसात आहे. कुत्रा त्या ट्रेनरचं ऐकायला शिकतो, घरी आला की चार दिवसांत गाडी मूळ पदावर. मग 'रिफ्रेशर कोर्स', त्याचे पैसे वेगळे.

मालकांनाही मोकळं सोडणार नाही. एप्रिलमधल्या उन्हात वन बीएचकेत हस्की ठेवायचा आणि मग तो सोफा फाडतो म्हणून रडायचं! आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तरी पाच आठवड्यांचं पिल्लू खोक्यातून घरी येतं, कारण इवलंसं असलं की रील चांगली होते. आईजवळ आणि भावंडांत राहून किती जोरात चावायचं हे शिकायच्या वयात ते तुमच्या बाल्कनीत असतं. त्याचं बिल वर्षभराने त्याच्याच पाठीवर फाडायचं.

आणि सरकार? २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातीवर एवढा खल झाला, शिकवणारा कोण यावर अवाक्षर नाही. केस कापायला बसणारासुद्धा आधी कुणाच्यातरी हाताखाली उमेदवारी करतो. इथे पट्टा आणि मोबाईल असला की माणूस 'बिहेविअरिस्ट'. मारहाण झालीच तर १९६० चा कायदा आहे, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! कटिंग चहा दोन-तीन येतील.

चांगले ट्रेनर आपल्या शहरात आहेत, मी स्वतः काम करताना पाहिलेत. ते पहिल्या भेटीत कुत्र्याला हातसुद्धा लावत नाहीत. तासभर तुम्हालाच प्रश्न विचारतात: खातो काय, झोपतो कुठे, शेवटची रक्ततपासणी कधी केली, घरात भांडणं होतात का. गॅरंटी देत नाहीत, आणि तुम्हाला गृहपाठ देतात. म्हणून लोकांना ते महाग आणि 'स्लो' वाटतात.

महापालिकेकडे मागणी साधी आहे. कुत्र्याचा परवाना देता, तसं पैसे घेऊन कुत्रे शिकवणाऱ्यांची आणि कॅम्पांची नोंद करा, जागा तपासा, काटेरी पट्टे आणि शॉक कॉलर वापरणाऱ्याची नोंद रद्द करा. वेल्सने २०१० मध्येच शॉक कॉलरवर बंदी घातली, आभाळ कोसळलं नाही.

तोवर सोसायटीच्या कमिट्यांनी एवढं करावं. ट्रेनर गेटवर आला की तीन प्रश्न विचारा. कुत्र्याने चूक केली तर नेमकं काय करणार? गळ्यात काय घालणार? मालक पूर्ण वेळ समोर उभा राहिला तर चालेल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर रजिस्टरमध्ये एन्ट्री करू नका. आमच्या कमिटीला मी हे लेखी दिलंय. ज्यांना त्या पत्राचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.