परतफेड न मागणारी सावड

सदर : घर आणि माणसं

एक इंच उंची चढायची तर बारा इंच लांबीचा उतार लागतो. चाकाच्या खुर्चीसाठी दारापुढे रॅम्प बांधणाऱ्या माणसाला अमेरिकेत हे माप तोंडपाठ असतं. आठ-आठ इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे चोवीस इंच, आणि चोवीस इंचांना चोवीस फुटांचा रॅम्प. अंगण तेवढं नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन तो वळवावा लागतो. उतार जास्त झाला तर खुर्ची खाली धावत सुटते आणि वर ढकलताना ढकलणाऱ्याचा दम जातो.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया डोंगररांगांत, म्हणजे केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या भागात, दर उन्हाळ्यात हे माप शिकणारी बरीचशी मंडळी शाळकरी वयाची असतात. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या चर्चच्या युवा गटातली सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली, आणि त्यांच्यासोबत त्याच चर्चमधली दोन-चार मोठी माणसं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असलेल्या शाळेच्या वर्गात जमिनीवर अंथरूण घालून ती झोपतात. सकाळी हातोडे, करवती आणि जेवणाचे डबे घेऊन डोंगरातल्या एखाद्या घराकडे निघतात. या आठवड्यासाठी प्रत्येकाने पैसे भरलेले असतात. ते जमवण्यासाठी वर्षभर कुणी गाड्या धुतलेल्या असतात, कुणी केक विकलेले असतात.

याची सुरुवात १९६९ मध्ये झाली. ग्लेन इव्हान्स नावाचे मेथडिस्ट पाद्री होते, लोक त्यांना ‘टेक्स’ म्हणत. केंटकीच्या डोंगरात काम करताना त्यांना शेजारची घरं रोज दिसत होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी पन्नास स्वयंसेवकांना बार्बरव्हिल या गावी आणलं आणि चार कुटुंबांची घरं दुरुस्त केली. त्यातून ‘ॲपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट’ उभा राहिला. पन्नास वर्षं उलटून गेली, काम चालू आहे आणि वर्षाला हजारो स्वयंसेवक येतात.

त्यांनी आपलं काम तीन शब्दांत बांधून घेतलं आहे : घर उबदार, सुरक्षित आणि कोरडं. सुंदर हा शब्द त्यात नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भिंतीला रंग दिला की फोटो छान येतो, पण तिथली दुखणी वेगळी आहेत. डोंगरातली कितीतरी कुटुंबं कारखान्यात बनवून गाडीने ओढून आणलेल्या, ट्रेलर म्हटल्या जाणाऱ्या घरांत राहतात. त्यांचं छप्पर गळतं, गळतीचं पाणी लाकडी जमिनीत मुरतं, जमीन कुजते आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय खाली जातो. घराखालची पोकळी उघडी असली तर हिवाळ्यात तिथून वारा घुसतो आणि नळातलं पाणी गोठतं. म्हणून आधी छप्पर, मग जमीन, मग घराखालची बाजू बंद करणं, भिंतीत थंडी अडवणारं अस्तर भरणं, आणि हवा असेल तिथे रॅम्प. दुरुस्तीचा हा क्रम पाण्याने आणि थंडीने ठरवलेला आहे.

एक गट आठवडाभर राहतो. काम त्याहून मोठं असतं, म्हणून तेच घर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटाच्या हाती जातं. पहिल्या गटाने कुजलेल्या फळ्या उखडायच्या, दुसऱ्याने खालचे वासे बदलायचे, तिसऱ्याने नवी जमीन ठोकायची. पहिल्या गटातल्या मुलाला पुरं झालेलं घर बघायला मिळत नाही. आपण पाया मोकळा करून निघून जायचं आणि पुढचा नीट बसवेल यावर भरवसा ठेवायचा, हे सोळाव्या वर्षी शिकायला मिळणं मी भाग्याचं समजतो.

ही घरं अशी का झाली, हे सांगायला हवं. या डोंगरांतून शंभर वर्षं कोळसा गेला. खाणी यंत्रांवर गेल्या, मग बंद पडू लागल्या, आणि कमावती माणसं शहरांकडे निघाली. मागे राहिली ती म्हातारी माणसं, खाणीच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेले कामगार आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या. दुसरं कारण मराठी वाचकाला लगेच समजेल. आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, जमीन वाटून घेतली नाही, आणि आज एकाच तुकड्यावर वीस वारसांचा हक्क आहे. आपल्या सातबाऱ्यावरच्या सामायिक नावांसारखंच. अमेरिकेचं कृषी खातं ग्रामीण भागातल्या बासष्ट वर्षांवरच्या अगदी गरीब घरमालकांना दुरुस्तीसाठी अनुदान देतं, पण मालकी सिद्ध करता आली तर. जिथे कागद अडतो तिथे चर्चची मुलं हातोडा घेऊन पोचतात.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. आठवड्यापुरता आलेला पोरगा सुतार होत नाही; त्याच्या मागे जाणती माणसं नसतील तर छप्पर पुन्हा गळेल. त्याहून मोठा आक्षेप नजरेचा आहे. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पूर्व केंटकीतल्या आयनेझजवळ एका घराच्या पडवीत बसले, गरिबीविरुद्धच्या लढाईबद्दल बोलले, आणि तो फोटो देशभर छापला गेला. गरिबीचं चित्र म्हणून आपले चेहरे दाखवले जाणं डोंगरातल्या लोकांना अजून सलतं. म्हणूनच टेक्स इव्हान्स यांच्या शिकवणुकीत माणसाला तो आहे तसा, आहे तिथे स्वीकारण्यावर भर होता. दुपारी मुलं घरातल्यांसोबत जेवायला बसतात. आजीबाई बोलू लागल्या तर हातोडा खाली ठेवायचा. त्या दिवशी दोन फळ्या कमी ठोकल्या गेल्या तरी चालतं.

आपल्याकडे हे वाचून पहिला प्रश्न धर्मांतराचा येईल. तो विचारण्यात गैर काही नाही. ॲपलाचियात घर दुरुस्त करणारे आणि करवून घेणारे दोघेही बहुतेक ख्रिस्तीच असतात. जिथे तसं नसतं, तिथे मी एकच कसोटी लावतो : छप्पर बसण्याआधी काही कबूल करून घेतलं जातं का? घेतलं जात असेल तर तो व्यवहार झाला.

महाराष्ट्राशी या परंपरेचा एक धागा जुळलेला आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आपल्या गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी शिकवत, आणि वर्षातला एक आठवडा ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेसोबत घरं बांधत. त्यांची पहिली मोहीम १९८४ ची, न्यूयॉर्कमधली. ती नव्या घरांची नव्हती. एका पडक्या सहा मजली इमारतीत एकोणीस कुटुंबांसाठी घरं करायची होती. २००६ मध्ये ते लोणावळ्याजवळ मळवलीला आले आणि स्वयंसेवकांसोबत शंभर घरांच्या कामात उतरले. तेव्हा त्यांचं वय ब्याऐंशी होतं. त्यांच्या आई, लिलियन कार्टर, त्याच्या चाळीस वर्षं आधी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवी उपक्रमाच्या परिचारिका म्हणून विक्रोळीत राहून काम करत होत्या. मळवलीच्या बातम्या मी तेव्हा कापून ठेवल्या होत्या. आज त्या पुन्हा काढल्या, कारण मला आत्याची आठवण झाली.

आत्या रायगडात, श्रीवर्धन तालुक्यात राहते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारी तिच्या घराचं एक पाखं उघडं पडलं. आमच्याकडे पावसाआधी शाकारणी होते : कौलं उतरवायची, फुटकी काढायची, रिपा तपासायच्या, पुन्हा चढवायची. पूर्वी हे सावडीने होई. आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. शेतीत इर्जिक असे, शाकारणीत सावड. वादळानंतर मात्र प्रत्येकाचंच छप्पर गेलेलं, आणि ज्यांच्या घरात तरणे हात होते त्यांनी एकमेकांची छपरं आधी उभी केली. ते वाईट वागले नाहीत. सावडीचा नियमच तो आहे. पण आत्या एकटी, सत्तरीपलीकडची. सावडीला परत द्यायला तिच्याकडे हात नव्हते. तो सबंध पावसाळा तिने ताडपत्रीखाली काढला. पुतण्या म्हणून मी पैसे पाठवले. पैशाने छपरावर चढणारा माणूस त्या महिन्यात मिळत नव्हता.

सावडीचा अभिमान मलाही आहे. पण परत देऊ न शकणारा माणूस तिच्या हिशेबाबाहेर राहतो, आणि नेमकं त्याचंच घर आधी पडतं. डोंगरातल्या त्या मुलांकडून घ्यायची गोष्ट हीच आहे. ती घर दुरुस्त करतात आणि परत आपल्या गावी जातात. आजीबाईंनी उद्या त्यांच्याकडे काम करायला यायचं नसतं.

श्रमदान आपल्याला नवं नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली, तुकडोजी महाराजांनी गावाला कामाला लावलं, २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावकऱ्यांनी पहाटे उठून चर खणले. पण आपलं श्रमदान रस्ता, विहीर, शाळा, देऊळ यांच्यापाशी थांबतं. दुसऱ्याच्या घराचा उंबरठा ते क्वचितच ओलांडतं. घर हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं आपण म्हणतो. मला त्यामागे जातही दिसते. कुणाच्या आढ्यावर कुणी चढायचं, कुणाच्या स्वयंपाकघरातली फरशी कुणी उखडायची आणि दुपारी कुणाच्या ताटात जेवायचं, या प्रश्नांना आपण अजून घाबरतो. चर खणताना शेजारी कोण आहे हे विसरता येतं. घरात शिरल्यावर विसरता येत नाही.

सरकारी मदतीतही दुरुस्तीची जागा अरुंद आहे. घरकुलाला सपाट भागात लाखाहून अधिक रुपये मिळतात. नैसर्गिक आपत्तीत घर अंशतः पडलं, तर २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. एका पाख्याचे वासे, रिपा, कौलं आणि दोन माणसांची मजुरी यात कशी बसवायची, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. म्हणजे घर पुरतं कोसळेपर्यंत मोठी मदत नाही. वास्तविक दुरुस्तीचा मोठा अनुभव याच राज्यापाशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसली, त्यांची चर्चा झाली. पण त्याहून कितीतरी जास्त, लाखाहून अधिक घरं होती तिथेच दुरुस्त आणि मजबूत झाली. पैसे आणि अभियंते सरकारचे, काम घरमालकांचं, आणि गावोगावी माहिती पोचवायला ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने उभी केलेली महिला मंडळं. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद यांनीच माणसं मारली होती, हे त्या बायकांनी घरोघरी जाऊन समजावलं.

आता पावसाला फार दिवस उरलेले नाहीत. गणेश मंडळं, भजनी मंडळं, वसईतल्या धर्मग्रामांतले युवक गट, तालीम संघ, महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं, या सगळ्यांपाशी हात आहेत. माझं मागणं लहान आहे. प्रत्येक मंडळाने यंदा एकच घर घ्यावं, ज्या घरातून सावड परत येणार नाही असं. सोबत एक जाणता सुतार किंवा गवंडी घ्यावा आणि त्याची मजुरी मंडळाने द्यावी. आधी घरमालकिणीला विचारावं की तिला काय हवं आहे. कदाचित तिला छपराआधी न्हाणीघरात धरायला एक दांडा हवा असेल. फोटो काढू नयेत.

आणि वाचकहो, तुम्ही कुठल्याच मंडळात नसाल तर या रविवारी टेप घेऊन शेजारच्या, रॅम्पची गरज असलेल्या दारापर्यंत जा, पायऱ्या मोजा आणि उंची या सदराच्या पत्त्यावर कळवा. उताराची लांबी किती लागेल हे मी सांगेन, आणि तुमच्या तालुक्यात लाकूड द्यायला तयार असलेल्यांची नावं गोळा करायला मी सुरुवात केली आहे.