लशीला हमी हवी

पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ च्या अखेरीस विषमज्वराची साथ उसळली, तेव्हा डॉक्टरांच्या हाती अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यावी लागणारी महागडी कार्बापेनेम औषधे एवढेच उरले होते. नेहमीची बाकी प्रतिजैविके त्या जिवाणूने पचवली होती. शेवटी तिथे लशीकडेच वळावे लागले. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२.७ लाख बळी थेट घेतल्याचा अंदाज आहे. नवी प्रतिजैविके हवीतच. पण आजारच टळला तर ती वापरण्याची वेळ येत नाही.

हगवण, कॉलरा, विषमज्वर यांचे जिवाणू तोंडावाटे शिरतात आणि आतड्यातूनच हल्ला सुरू करतात. तोंडावाटे दिलेली लस नेमकी तिथे, आतड्याच्या अस्तरावर, प्रतिपिंडे उभी करते. दंडात टोचलेल्या लशीला हे तितकेसे साधत नाही. अडचणीही खऱ्या आहेत. जठरातील आम्लातून लशीला तगून जावे लागते. कुपोषित, वारंवार जुलाब होणाऱ्या मुलांमध्ये तिचा प्रभाव कमी पडतो. म्हणजे गरज सर्वाधिक तिथेच ती दुबळी.

तरी मार्ग निघतो. जुनी स्वीडिश कॉलरा लस सोडा घातलेल्या पाण्यातून पाजावी लागे. व्हिएतनामी तंत्रावर बेतलेली, हैदराबादेत बनलेली ‘शांकोल’ दीड मिलिलिटरच्या कुपीतून थेट तोंडात देता येई. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, बस्स. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या चाचणीत पाच वर्षांत ६५ टक्के संरक्षण दिसले.

एवढे यश मिळूनही उत्पादक सनोफीने २०२३ अखेर या लशीचा पुरवठा थांबवला. जगाची भिस्त एकट्या दक्षिण कोरियन कंपनीवर आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक साठा शून्यावर गेला. भारत बायोटेकची ‘हिलकॉल’ आता आली आहे, हा दिलासा. पण शिगेलाच्या रक्ती हगवणीवर जगभर वापरता येईल अशी लस अजूनही नाही, आणि तो जिवाणू झपाट्याने औषधांना निर्ढावतो आहे.

संशोधकांना अनुदान देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. शिगेलावरील लस चाचण्यांत खरी उतरली, तर ती विकत घेऊ, अशी हमी केंद्राने आधीच द्यावी. शुद्ध पाणी आणि मलनिस्सारणाचे काम सोबत चालूच राहिले पाहिजे. भारतात बनलेली, भारतातच पारखलेली कॉलराची लस आजही आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही.