आकड्याआधी एकक बघा

खताचे प्रयोग करणारे शेतकरी गट आणि कृषी पदविकेचे विद्यार्थी आता एक्सेल उघडून ‘ट्रेंडलाइन’ काढतात. चांगलेच आहे. फक्त ती रेषा वाचताना एक पथ्य पाळा : आकड्याआधी त्याचे एकक बघा.

हिशेबापुरते समजा, एका पिकाच्या नोंदींवरून लघुतम वर्ग पद्धतीने ही रेषा आली : उत्पादन = 6 + 0.1 × नत्र. उत्पादन एकरी क्विंटलमध्ये, नत्र एकरी किलोमध्ये. आता उत्पादन किलोत लिहा. रेषा होते 600 + 10 × नत्र. चढ 0.1 चा 10 झाला, म्हणून खताचा गुण शंभरपट वाढला का? मुळीच नाही. 20 किलो नत्राला आधी 8 क्विंटल येत होते, आता 800 किलो येतात, माल तेवढाच.

उत्पादन क्विंटलमध्येच ठेवून नत्र ग्रॅममध्ये मोजले, तर चढ 0.0001 इतका बारीक होतो आणि 6 जागचा हलत नाही. दोन्ही नोंदी हेक्टरी केल्या, हेक्टर म्हणजे ढोबळ अडीच एकर धरून, तर चढ 0.1 च राहतो, पण 6 चे 15 होतात. नत्राऐवजी तापमानावर रेषा काढली आणि ते सेल्सिअसऐवजी फॅरेनहाइटमध्ये घेतले, तर शून्याची जागाच सरकते. मग दोन्ही आकडे बदलतात.

या सगळ्या उलथापालथीत सहसंबंध गुणांक आणि ‘आर-स्क्वेअर’ तसेच राहतात. खत आणि उत्पादन यांचे नाते किती घट्ट आहे, हे त्यांवरून पाहा. नुसता चढ मोठा दिसला म्हणून हुरळू नका, छोटा दिसला म्हणून खत टाकाऊ ठरवू नका.

खरा घोळ होतो तो मिसळीने. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात मात्र एकर-गुंठे. वहीत काहींनी एकरी उतारा लिहिला, काहींनी हेक्टरी, आणि सगळे एकाच रकान्यात भरले, तर येणारी रेषा कुणाच्याच शेताची नसते. अशी चूक रेषा काढल्यावर गुणाकार करून निस्तरत नाही.

म्हणून रकान्याच्या डोक्यावर एकक लिहा. रेषा काढण्याआधी सगळ्या नोंदी एका मापात आणा. आणि कुणी एकक न सांगता नुसता चढ सांगून खत विकायला आला, तर पैसे काढण्याआधी विचारा : कशामागे किती?